मागच्या सीटवरचा सुकलाल

२०११ साल होतं आणि मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. स्टेअरिंग धरून धरून खांदे उतरले होते, पण ते कोणाला सांगायची माझी रीत नाही. मी रनाळ्याचा. माझी काळी-पिवळी जीप होती. दिवाळी झाली की सातपुड्यातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत नेऊन सोडायची आणि होळीच्या आधी परत आणायची, हे माझं काम. होळीला डोंगरातला माणूस परमुलखात राहत नाही. कारखाना चालू राहो की बंद पडो, तो निघतो. म्हणून जाताना माणसं मुकी असत आणि येताना गात येत. मी मात्र दोन्ही वेळा सारखाच दमलेला.

त्या साली मुकादमानं मला चारचौघांत सुनावलं. मुकादम म्हणजे मजूर गोळा करणारा माणूस, त्याच्या तोंडाला लगाम नसतोच. म्हणाला, "नाना, तुन्ही जीपमा आते कोनी बठाले तयार नही. टेप नही, वूफर नही. पोरे म्हनतस, मढाना मांगे चालनूत का काय."

मला राग आला. इतकी वर्षं माणसं नेली-आणली, एकाला खरचटू दिलं नाही, आणि आता वूफरच्या ठोक्यानं गाडी घुमत नाही म्हणून मी मढ्याचा गाडीवान? दुसऱ्या दिवशी जीप काढली आणि प्रकाशा गावच्या फाट्यावर, गाड्यांत टेप-स्पीकर बसवणाऱ्या सुकलालकडे गेलो. "सगळ्यात मोठा वूफर बसाड," म्हटलं. "मांगली सीट हादराले पाहिजे."

सुकलालनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो गाडीकडे पाहत होता.

दुकान म्हणजे चार खांब, वर ताडपत्री आणि बाजूला निंब. निंबाच्या फांदीला त्यानं एका फाटक्या स्पीकरचं जाड लोहचुंबक टांगलं होतं. काम करताना हातातला स्क्रू तो न बघता तिकडे भिरकावायचा आणि स्क्रू जाऊन चिकटायचा. स्क्रू, नट, वॉशर, एखादी कात्री, सगळं एकावर एक चिकटून आग्या मोहोळासारखं लोंबत असे. नवीन गिऱ्हाईक त्याखालून वाकून जाई. सुकलाल ताठ जायचा, कारण तो बुटका होता. बुटका, काळाभोर, आणि समोरच्या दाताला खाच. वायर सोलायला त्यानं कधी पक्कड वापरली नाही, दातानंच सोलायचा. त्या खाचेत जी वायर बसेल ती बारीक, बसणार नाही ती कामाची. अ‍ॅम्पला म्हणजे आवाज वाढवणाऱ्या डब्याला करंट द्यायला जाड वायर लागते. कोणी बारीक वायर आणून दिली की तो ती दातात धरून दाखवायचा आणि म्हणायचा, "ही वायर नही राजा, हाई त शेवई शे."

येईल त्याला तो राजाच म्हणायचा. सातपुड्यातल्या काठी गावच्या बाजूचा होता. तिथली होळी राजवाडी, राजाच्या मानाची, त्याचा त्याला भारी ताठा. "आमनी होयी राजानी. आमनाकडे भिकारीले बी राजा म्हनतस," असं सांगून मग तो त्या राजाला वाटेल तसं बोलायचा.

मला म्हणाला, "राजा, पहिले एक सांग. तुले झोप कोठे येस?"

"घरमा येस."

"तसं नही. रस्तावर. कोनता ठिकाने येस?"

"माले गाडीवर झोप येत नही."

"सगळास्ले येस."

"माले येत नही सांगं ना! तू वूफर बसाड. मन्ही झोप मन्हाजोडे ऱ्हावू दे."

तो हसला. दाताची खाच दिसली. मग उठला, जीपचं मागचं दार उघडलं आणि थेट शेवटच्या सीटवर, जिथं बाया पोरं मांडीवर घेऊन बसतात तिथं, जाऊन बसला. पाय वर घेतले, डोळे मिटले. बराच वेळ तसाच. मला वाटलं हा झोपला. मी हॉर्न वाजवला. डोळे न उघडता म्हणाला, "पैसा पुढला देस राजा, आयकस मांगला. माले आयकू दे."

"गाडी बंद शे. काय आयकस?"

"बंद शे म्हनीसनच आयकी ऱ्हायनू. खडखड कोठे शे ते समजस."

त्याची ही सवय शेवटपर्यंत होती. कोणाचीही गाडी येवो, तो पुढं बसायचा नाही. मालक पुढं बसून आवाज वाढवायचा, आणि हा मागं पाय दुमडून डोळे मिटून. गाणंसुद्धा तो लगेच लावू देत नसे. आधी रेडिओवर बातम्या लावायच्या. बातमीतला माणूस बोलतोय तसा ऐकू आला, खोकल्यासारखा नाही की पिंपातून बोलल्यासारखा नाही, तर मग गाणं. आणि सगळ्यात शेवटी ठोका. लोकांना आधी ठोका हवा असायचा, म्हणून रोज भांडण.

माझ्या जीपमध्ये त्यानं काय केलं ते सांगतो. बॅटरीपासून लाल वायर काढली. बॅटरीच्या जवळच, हात पोचेल इतक्यावर, फ्यूज बसवला. म्हणाला, फ्यूज लांब ठेवला तर मधल्या वायरीला आग लागेल आणि फ्यूज मजा बघत बसेल. मग काळी वायर, अर्थिंगची. ती लावायला त्यानं सीटखालचा रंग खरवडायला घेतला. माझा नवीन रंग! मी ओरडलो. तो खरवडतच राहिला. पत्रा तांब्याच्या घासलेल्या गडव्यासारखा चमकायला लागला तेव्हा थांबला. "रंगवर लावी दिसू त गाडी कुरकुर करी," म्हणाला. "उघडा लोखंडले लाव, मंग ती गुपचूप."

इथवर ठीक होतं. पण वूफरचं खोकं त्यानं मागं नेलंच नाही. एक चपटं, पाटासारखं खोकं घेतलं आणि माझ्याच सीटखाली आवळलं. ड्रायव्हरच्या सीटखाली. मागच्यांना फक्त दोन साधे स्पीकर दिले. अ‍ॅम्पवर एक खटका फिरवून त्यानं सगळा ठोका माझ्या सीटखाली सोडला आणि गाणं मागं सोडलं.

मी म्हटलं, "हाई काय? मजूर मांगे बठतस, आनि ढोल मन्हा ढुंगनखाल?"

"ढुंगन जागं त डोया जागा," सुकलाल म्हणाला.

मी काढून टाक म्हणालो. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, दुसऱ्याकडून बसवून घेतो. तो म्हणाला, जा. मी जीप चालू केली, नंदुरबारच्या वाटेला लागलो आणि तापीच्या पुलापर्यंत गेलो. गाणं लागलेलंच होतं. एका एका ठोक्याला सीट असा धक्का देत होती, जशी आई शाळेत जायला उठवते. मी परत फिरलो. त्यानं चहा सांगितला.

मला गाडीवर डुलकी कधी लागली नाही, हे मी आजही सांगतो. पण ते खोकं मी काढलं नाही.

ड्रायव्हर लोकांत त्या खोक्याला 'सुकलालनी चिमटी' म्हणायला लागले. हसायचे. चहाच्या टपरीवर एखादा उठताना कंबर धरून उठला की दुसरा विचारायचा, "चिमटी लागनी का रे भो?" तरी एकेक करून येऊन बसवून गेले. दुसऱ्याला सांगायचे नाहीत. सुकलाल कोणाचं नाव फोडायचा नाही.

तो मागच्या सीटवर का बसतो, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. आम्ही तापीच्या पुलाजवळ उभे होतो. घाटावर कुणाचं तरी दहाव्याचं चाललं होतं. तिकडे बघत म्हणाला की त्याचा मोठा भाऊ आणि भावजय अशाच एका जीपमध्ये ऊसतोडीहून येत होते. शेवटच्या सीटवर. जीपमध्ये मोठा वूफर होता, मागंच. माणसं गात होती, टाळ्या पिटत होती.

"गाडी नायामा गयी तवय बी मांगे गाणं वाजीच ऱ्हायनं व्हतं," सुकलाल म्हणाला. "सगळा जागा व्हतात, नाना. ज्याना हातमा गाडी तोच एकटा झोपेल व्हता. त्यान्हापावोत आवाज गयाच नही."

नाया म्हणजे नाला. एवढंच सांगितलं आणि मग त्यानं घाटावरच्या कावळ्यांना शिव्या दिल्या. मीही विचारलं नाही. विचारून काय होतं?

पण तो रडका माणूस नव्हता, हे लिहायला हवं. आमच्या गावच्या रघुनाथ बापूंच्या पुतण्याच्या लग्नाची गोष्ट अजून रनाळ्यात सांगतात. बापू मोठे शेतकरी. त्यांनी सुकलालच्या मागं लागून जीपमध्ये मागं मोठं खोकं करून घेतलं होतं. त्याला समोरून वाटीएवढं भोक, त्यातून ठोक्याची हवा बाहेर पडते. सुकलालनं बजावलं होतं की हे खोकं नवरदेवाचं आहे, याला दुसरं काम लावू नका. बापू हो म्हणाले. मग मिरचीचा हंगाम आला. नंदुरबारची मिरची, तिच्या नुसत्या वासानं रस्त्यावरचा माणूस खोकतो. बापूंनी महिनाभर त्याच जीपमधून लाल मिरची पथारीवर नेली, मिरची वाळत घालायची मोकळी जागा असते तिथं. खोक्यावरच पोती रचली.

लग्नाच्या दिवशी जीप धुतली, हार घातले, नवरदेव बसला, करवल्या बसल्या. नवरीच्या गावच्या वेशीवर बापूंनी फर्मान सोडलं, "लाव रे, जोरमा!" पहिला ठोका पडला आणि त्या भोकातून लाल धुराचा लोट निघाला. सरळ नवरदेवाच्या तोंडावर. नवरदेव शिंकला. करवल्या शिंकल्या. बापू शिंकले. जीपपुढं नाचणारी सगळी पोरं शिंकत शिंकत नाचायला लागली, कारण कोणाला कळेना काय होतंय आणि ठोका तर चालूच. नवरीकडच्या बाया ओवाळायला उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "माय वं, नवरदेव आत्तेच रडी ऱ्हायना!"

आता शिंक म्हणजे अपशकुन. वेशीवर, शुभकार्याला निघताना एक शिंक आली तरी माणसं थांबतात. इथं तर अख्खं वऱ्हाड शिंकत होतं. नवरीचा चुलता अडून बसला, वरात माघारी न्या, मुहूर्त पुढं ढकला. बापूंचा चेहरा उतरला. सुकलाल पाहुणा म्हणून आलेला, नवा शर्ट, खांद्यावर नवा गमछा. तो धावत गेला, गमछा काढून त्या भोकात कोंबला आणि मान खाली घालून उभा राहिला. दोन-तीन जण त्याच्याकडे बाह्या वर करून निघाले होते.

तेवढ्यात नवरीची आजी पुढं आली. डोळे पुसत, नाक पुसत. चुलत्याला म्हणाली, "एक जन शिंकना त अपशकुन. सगळाच शिंकनात म्हंजे कोनीच नही शिंकनं. चाला आते, भात थंडा व्हई ऱ्हायना."

तिच्यावर कोण बोलणार? लग्न लागलं. जेवताना सुकलालनं बापूंना वाढता वाढता सांगितलं, "बापू, खोकं बी चांगलं शे, मिरची बी चांगली शे. पन दोन्ही सवती शेतस. एक घरमा ठेवू नका." बापूंना हसू आवरेना आणि हसले की पुन्हा खोकला.

दसऱ्याला एकानं गाडीची पूजा करताना नारळ खोक्याच्याच काठावर फोडला. पाणी सगळं सीटखालच्या अ‍ॅम्पमध्ये. तो माणूस आला आणि म्हणाला, देव कोपला. सुकलाल म्हणाला, "देव कसाले कोपी? तू त्यान्हा डोकावर पानी वत आनि मंग म्हन कोपना." पण त्या दिवसापासून त्यानं सगळ्यांचे अ‍ॅम्प जमिनीवरून काढून उभे, वर बसवायला सुरुवात केली. लोकांना नारळ फोडू नका म्हणून कोण सांगणार, असं म्हणायचा. "लोके बदलतस नही राजा. मी अ‍ॅम्प बदलस."

असं सगळ्यांचं ऐकून घेणारा आणि सगळ्यांना ऐकवणारा माणूस. घरी मात्र त्याचं कोणी ऐकत नसे. म्हणजे बायको गेंदीबाई ऐकायची. मुलगा दिलीप ऐकायचा नाही.

दिलीप कर्ता झाला, त्यानं जीप घेतली आणि नेमका मजुरांच्या फेऱ्यांनाच लागला. मी सोडलेली माणसं त्याच्याकडे गेली. माझे गुडघे गेले होते आणि मी जीप अंगणात लावून टाकली होती. विकली नाही. गिऱ्हाइकं पुष्कळ आली.

दिलीपनं सुरतेहून दोन मोठे वूफर आणले आणि तिथंच बसवून घेतले. बापाचं दुकान फाट्यावर असताना. मागची अर्धी जागा त्यांनी खाल्ली. निळे दिवे, आरसे. पोरं नुसती त्याच्या जीपसाठी थांबून राहायची. सुकलालनं एक चपटं खोकं बनवलं, दिलीपच्या सीटच्या मापाचं. त्याचं माप त्यानं दिलीप जेवायला बसला असताना वितीनं घेतलं होतं. ते खोकं गेंदीबाईच्या जुन्या लुगड्यात बांधून निंबाच्या दुसऱ्या फांदीला टांगून ठेवलं. दर दिवाळीला ते खाली काढायचं, झटकायचं, बॅटरीला लावून वाजतं का बघायचं. दिलीप निघून गेला की परत बांधून टांगायचं.

एकदा मी दुकानात बसलो होतो तेव्हा दिलीप आला. फ्यूज सारखा उडत होता. बापलेक आपसात त्यांच्या डोंगरातल्या बोलीत बोलायचे. मला निम्मं कळायचं. जे कळलं ते माझ्या बोलीत लिहितो.

सुकलालनं त्याला आवाज लावायला सांगितलं आणि दिवे लावायला सांगितले. दर ठोक्याला जीपचे हेडलाईट मंद व्हायचे आणि परत उजळायचे. वूफर एवढे मोठे की बॅटरीतला सगळा करंट तेच ओढत होते.

"देख," सुकलाल म्हणाला. "देख, तुन्ही गाडीच डुलक्या खाई ऱ्हायनी."

"बाबा, फ्यूज मोठा टाकी दे. बाकी बोलू नको."

"मोठा फ्यूज टाकसू त वायर जयी." जयी म्हणजे जळेल. "वायर बदलस. मांगला एक वूफर काढी ले. आनि हाई तुन्ही सीटखाल..."

"ते नको."

"काबर?"

"लोके हसतस. ड्रायव्हरना ढुंगनखाल स्पीकर! मन्हा मांगे बोलतस, डोकरानं पोरगं चिमटी लावीसन गाडी चालाडस."

"हसू दे. हसनारा जागा ऱ्हास."

"मी झोपस नही, बाबा."

मी हे वाक्य कुठंतरी ऐकलं होतं. मी दुसरीकडे बघितलं. सुकलालनं माझ्याकडे बघितलं, मग जाड वायर दातात धरून सोलायला बसला. दात हलत होता तेव्हा. मध्येच थांबला, थुंकला, रक्त होतं. दिलीपनं ते बघितलं. वायर बापाच्या हातातून घेतली, आपल्या दातानं सोलली आणि परत दिली. पण खोकं बसवू दिलं नाही.

पुढच्या वर्षांत सुकलाल थकत गेला. आधी दम लागायचा, मग पाय सुजले. मागच्या सीटवर बसला की उठायला हात द्यावा लागे. काम कमी झालं. आता गाड्यांत सगळं आधीच बसून येतं, पडदे असतात, बोट लावलं की गाणं. त्याच्याकडे फक्त जुन्या जीपा यायच्या, जुने ड्रायव्हर, आणि मी. मी काही कामाला जायचो नाही. जाऊन बसायचो. दोघं म्हातारे मोहोळाकडे बघत. मोहोळाचे स्क्रू गंजून एकमेकांना कायमचे धरून बसले होते. एक ओढला तर चार यायचे.

गेल्या दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा तो खाटेवर होता, निंबाखाली. ते लुगड्यातलं खोकं पोटावर घेतलेलं. मला म्हणाला, "नाना, सकायले दिलीप माणसे लई चालना. पहिली फेरी. तू सांग त्याले."

"मी कसाले सांगू? मी कोनापुढे तोंड वेंगाडत नही, तुले माहीत शे."

"मन्हासाठे नही. मांगे बठतस त्यास्नासाठे."

मी खोक्यावर हात ठेवला. त्यानं ते बॅटरीला जोडून ठेवलं होतं. बारीक ठोका चालू होता, ऐकू न येणारा. नुसता तळहाताला कळत होता. त्याच्या पोटावर ठेवलेला, त्याच्या श्वासाबरोबर वर-खाली होणारा.

मग त्याला जास्त झालं. छातीवर हात दाबून बसला, ओठ काळे पडले. गेंदीबाईनं हाक मारली. दिलीप जीप घेऊन आला. शेजारच्या टपरीवरची माणसं धावली. पुढची सीट मागं पाडून त्याला आडवं करायचं ठरलं, तिथं त्या दोन वूफरांची अडचण नव्हती. सुकलालनं मान हलवली. बोट मागं केलं.

"बाबा, तठे जागा नही," दिलीप म्हणाला.

सुकलालचं बोट तसंच.

दिलीपनं मागचं दार उघडलं आणि एका वूफरचे बोल्ट खोलायला लागला. एक बोल्ट सुटेना, तेव्हा त्यानं लाथ घालून खोकं उपटलं आणि रस्त्याच्या कडेला फेकलं. त्या जागेत बापाला बसवलं, गेंदीबाईला त्याला धरून बसवलं. मी दार लावलं. काचेतून सुकलाल दिसत होता. पाय वर घेतलेले, डोळे मिटलेले, जसा कोणाच्याही गाडीत बसायचा तसा. जीप चालू झाली. त्याचे ओठ हलले. दिलीपनं मागं वळून विचारलं, "काय, बाबा?" गेंदीबाईनं वाकून ऐकलं आणि मोठ्यानं सांगितलं, "बातम्या लाव म्हनस."

दिलीपनं रेडिओ लावला. कुणीतरी कापसाचा भाव सांगत होतं. सुकलालनं एक हात वर केला, थोडा, म्हणजे ठीक आहे, आवाज नीट आहे. जीप नंदुरबारकडे वळली. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही. तो दवाखान्यातून परत आला नाही, पण ते पुढं आठवड्यानं. त्या दिवशी आम्हाला ते माहीत नव्हतं.

मी खाटेजवळ जाऊन खोकं उचललं. बॅटरी काढली. लुगड्यात बांधलं आणि रनाळ्याला घरी आणलं. बायकोनं विचारलं, हे काय, तर मी सांगितलं नाही. दिलीपला काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. जुळत नव्हतं. आयुष्यात कोणाला विनवलं नव्हतं, म्हातारपणी शब्द कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं, मग रिक्षानं, खोकं मांडीवर घेऊन फाट्यावर पोचलो. मजूर येऊन बसले होते, बोचकी, भांडी, कोंबड्या, कडेवर पोरं. दिलीपची जीप निंबाखाली उभी होती. तो रात्रभर दवाखान्यात होता, डोळे लाल. बापाजवळ आई होती. माणसं मात्र थांबू शकत नव्हती, आणि त्यांना नेणारा दुसरा कोणी नव्हता. मी काय बोलणार ते ठरवतच जवळ गेलो, आणि बघितलं तर ड्रायव्हरची सीट खोलून बाहेर मातीत ठेवलेली होती. चारही बोल्ट मोहोळाला चिकटवलेले. दिलीप सीटच्या जागेसमोर उकिडवा बसला होता आणि त्याला पुढं काय करायचं ते कळत नव्हतं.

"नाना," तो म्हणाला, "काई वायर, अर्थिंगनी, कोठे लावतस?"

मी गुडघे टेकले, तेही मोडल्यासारखे वाजले. त्याच्या हातातून पातं घेतलं आणि रंग खरवडायला लागलो. त्याचा नवीन रंग. पत्रा चमकेपर्यंत खरवडला. काळी वायर तिथं आवळली. लाल वायर त्यानं बॅटरीकडे नेली, फ्यूज हात पोचेल इतक्यावर ठेवला, ते त्याला माहीत होतं. खोकं बसलं. नेमकं बसलं, एक बोटही इकडंतिकडं नाही. सीट परत आवळली. तो चढून बसला.

मग मी जीपच्या मागं गेलो. मजूर बसले होते. वूफर गेल्यानं जागा झाली होती तिथं एक बाई पोराला पाजत होती. मी तिला थोडं सरकायला सांगितलं, शेवटच्या सीटवर बसलो, पाय वर घेतले, डोळे मिटले आणि दिलीपला म्हटलं, "पहिले बातम्या लाव."